खळाळत्या पाण्यातला विदूषक

१८७३ सालची गोष्ट. अमेरिकेतील यलोस्टोन प्रदेशाची पाहणी करण्यासाठी कॅप्टन विल्यम जोन्स यांच्या नेतृत्वाखाली एक सर्वेक्षण तुकडी निघाली होती. तुकडीतील नकाशाकार पॉल ले हार्डी याने एका साथीदारासह तराफा बांधला आणि यलोस्टोन नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाण्याचे ठरविले. सरोवरातून संथपणे बाहेर पडणारी ही नदी काही किलोमीटर अंतरावर एकाएकी खडकांवरून उसळू लागते. नेमक्या त्या ठिकाणी तराफा उलटला. बंदुका, अंथरूण-पांघरूण आणि शिधा यांतील बराचसा भाग पाण्यात गेला. उरलेले सामान घेऊन दोघांना पुढचा प्रवास पायी करावा लागला. त्या खळाळाला आज 'ले हार्डी रॅपिड्स' याच नावाने ओळखले जाते.

दोन धट्ट्याकट्ट्या माणसांचा तराफा जेथे टिकला नाही, तेथे दर वसंतात जेमतेम अर्धा-पाऊण किलो वजनाचे एक बदक आरामात वावरत असते. फेसाळ पाण्यात ते बुडी मारते आणि बुचासारखे टुणकन वर येते. लगेच एखाद्या ओल्या खडकावर चढून पंख साफ करू लागते. 'हार्लेक्विन डक' हे त्याचे नाव. उत्तर अमेरिकेतील पक्षी-छायाचित्रकारांच्या मनात या बदकाने विशेष स्थान मिळविले आहे. निळसर-करडा रंग, पांढरा फेस आणि काळे खडक असा त्रिवेणी संगम एका चौकटीत मिळण्याची संधी अन्य पक्ष्यांच्या बाबतीत क्वचितच लाभते. मात्र या छायाचित्रामागे एक पेच आहे. छायाचित्रासाठी जो काळ सर्वोत्तम, तोच या पक्ष्यासाठी सर्वाधिक नाजूक असतो. हा पेच समजून घ्यायचा, तर आधी पक्षी समजून घ्यावा लागतो.

नावातच नाटक

या बदकाचे शास्त्रीय नाव 'हिस्ट्रिओनिकस हिस्ट्रिओनिकस' असे आहे. लॅटिन भाषेत 'हिस्ट्रिओ' म्हणजे नट. इटलीच्या जुन्या लोकनाट्यात ठिगळांचा रंगीबेरंगी पोशाख घालणारे 'आर्लेकिनो' नावाचे विनोदी पात्र असे. त्यावरून इंग्रजीत 'हार्लेक्विन' हा शब्द रूढ झाला. मराठीत या बदकाला 'विदूषक बदक' म्हणायला हरकत नसावी. आपल्याकडेही चोचीवरील लाल-पिवळ्या रंगांवरून एका बदकाचे 'हळदी-कुंकू' असे बारसे झालेलेच आहे.

नराचे अंग गडद निळसर-करडे, कुशी तांबूस-तपकिरी आणि डोके, मान व पाठ यांवर काळ्या कडांचे पांढरे पट्टे असतात. चोचीमागे चेहऱ्यावर पांढरी कोर उमटलेली असते. मादी मात्र साधी, तपकिरी रंगाची. डोक्याच्या बाजूंवरील पांढरे ठिपके हीच काय ती तिची ओळख. सावलीतील ओल्या खडकावर बसलेली मादी अनुभवी डोळ्यांनाही चटकन दिसत नाही. अंडी उबविणाऱ्या पक्ष्यासाठी हा साधेपणा म्हणजे मोठेच संरक्षण होय.

हे बदक एका दृष्टीने दुहेरी आयुष्य जगते. हिवाळा ते समुद्रात, खडकाळ किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांमध्ये काढते. वसंत ऋतू आला, की प्रशांत किनाऱ्यावरची बदके डोंगरांतील वेगवान नद्यांकडे निघतात. वायोमिंग व मोन्टाना या राज्यांतील नद्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. ले हार्डीचा खळाळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. ईशान्य सैबेरिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि आइसलँड येथेही हा पक्षी विणीसाठी नद्यांचाच आश्रय घेतो. संपूर्ण युरोपात त्याची वीण केवळ आइसलँडमध्ये होते.

खळाळच का?

शांत तळी उपलब्ध असताना या बदकाने एवढे खवळलेले पाणी का निवडावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर पाण्याच्या तळाशी आहे. थंड, स्वच्छ व वेगाने वाहणाऱ्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळलेला असतो. अशा पाण्यातील दगडगोट्यांना अनेक जलकीटकांच्या अळ्या चिकटून राहतात. हे बदक तळाशी जाऊन, दगडांच्या सांदीत चोच खुपसून त्या टिपते. संथ पाण्यातील इतर बदकांना हा साठा सहजासहजी गाठता येत नाही. स्पर्धा कमी आणि अन्न मुबलक, असा हा सौदा आहे.

त्यासाठी शरीराची घडणही तशीच लागते. दाट पिसांमध्ये हवेचा थर कोंडलेला असल्याने थंडीपासून बचाव होतो. बुडी मारून झाल्यावर उसळून वर येणेही त्यामुळेच शक्य होते. तरीही हे जीवन सुखाचे नाही. संग्रहालयांतील या बदकांचे सांगाडे तपासले असता, मोडून पुन्हा जुळलेली हाडे अनेकांत आढळली आहेत. लाटा आणि खडक यांच्याशी रोजचा सामना किती कठोर असतो, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

या सौद्याला एक दुसरी बाजू आहे. मोठ्या जलाशयावरील थव्याला एका काठावर त्रास झाला, तर तो उडून दुसऱ्या काठावर उतरू शकतो. विदूषक बदकाला तशी मुभा नसते. त्याला मानवणारे खळाळ नदीवर मोजकेच असतात. शिवाय मादी सहसा जेथे जन्मली, त्याच नदीवर विणीसाठी परतते. समुद्रावर जमलेली जोडी पुढे वर्षानुवर्षे टिकू शकते आणि नर आपल्या मादीच्या मागोमाग तिच्या नदीवर येतो. एखाद्या नदीवरील माद्या संपल्या, तर अन्य नद्यांवरील माद्या तेथे येऊन ती जागा लवकर भरून काढत नाहीत. म्हणूनच जगभरातील संख्येचा विचार करता हा पक्षी आज धोक्यात नसला, तरी एखाद्या नदीवरील त्याचे अस्तित्व मात्र फार नाजूक असू शकते. पूर्व कॅनडातील समूहाला १९९० मध्ये 'संकटग्रस्त' ठरवावे लागले होते. शिकारीवरील बंदीसारख्या उपायांनंतर २००१ मध्ये त्याची श्रेणी सौम्य करण्यात आली. अलास्कात १९८९ मध्ये 'एक्सॉन व्हाल्डेझ' या जहाजातून तेलगळती झाली, तिचे परिणाम तेथील या बदकांमध्ये दोन दशकांनंतरही आढळत होते. दीर्घायुषी आणि संथ गतीने वाढणाऱ्या जातीचे नुकसान भरून निघण्यास किती काळ लागतो, हे यावरून लक्षात यावे.

हंगामाचा पेच

नदीवरील या बदकाचे वेळापत्रक फार घट्ट असते. एप्रिल-मे महिन्यांत जोड्या खळाळांवर येऊन दाखल होतात. याच काळात मादीला भरपूर खाऊन अंड्यांसाठी शक्ती साठवायची असते. दिवसातील बराच वेळ ती बुड्या मारत असते आणि नर जवळ राहून इतर नरांना दूर ठेवतो. पुढे ती काठाजवळच्या झुडपांत, खडकाच्या कपारीत किंवा एखाद्या ढोलीत साधारणपणे पाच ते सात अंडी घालते. उबवणीस सुमारे चार आठवडे लागतात.

मादी अंड्यांवर बसली, की नराचे नदीवरील काम संपते. तो समुद्राकडे परततो आणि तेथे त्याची पिसे गळून नवी येतात. पिल्लांना वाढविण्याची सारी जबाबदारी एकट्या मादीवर पडते. पिल्ले उडू लागेपर्यंत सहा-सात आठवडे जातात. म्हणजेच जुलैमध्ये यलोस्टोनला सहलीसाठी गेलेल्या पर्यटकाला तो रंगीबेरंगी नर बहुधा दिसतच नाही.

छायाचित्रकाराला हवा असतो तो नर, तोही पूर्ण रंगात आणि शक्यतो मादीसोबत. ही संधी फक्त वसंतातल्या काही आठवड्यांपुरती असते. मादीच्या दृष्टीने तेच आठवडे निर्णायक ठरतात. काठावर माणसे दिसली, की जोडी खाणे थांबवते, मान उंच करून पाहते आणि मग खालच्या अंगाला निघून जाते. एका छायाचित्रकारामुळे वाया गेलेली दहा मिनिटे फारशी वाटत नाहीत. मात्र दिवसभरात वीस जण आले, तर त्याचा हिशेब वेगळा होतो. उबवणीच्या काळात तर मादी थोड्या वेळापुरतीच घरट्यावरून उठून खायला येते. त्या वेळी तिला अडविणे म्हणजे एक तर तिला उपाशी ठेवणे, नाही तर अंडी थंड पडू देणे.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थापनाने हा पेच ओळखला आहे. ले हार्डी येथील नदीकाठची फळ्यांची पायवाट वसंताच्या सुरुवातीस, पक्ष्यांच्या मीलनकाळात, बंद ठेवली जाते. उत्तरेकडील मोन्टाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात मॅक्डोनाल्ड क्रीक नावाची डोंगरी नदी आहे. राज्यात जन्मणाऱ्या विदूषक बदकांच्या पिल्लांपैकी सुमारे एक चतुर्थांश पिल्ले या एकाच नदीच्या वरच्या भागात वाढतात, असे उद्यानाची माहिती सांगते. विणीच्या मोसमात तेथे होड्या व तराफे उतरविण्यास, तसेच पोहण्यास मनाई असते. नदीला लागूनच उद्यानातील प्रसिद्ध रस्ता जातो, त्यामुळे गर्दीचा प्रश्न तेथे अधिकच गंभीर आहे.

अंतर किती असावे?

यलोस्टोनच्या नियमानुसार अस्वले व लांडगे यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, तर घरट्यावरील पक्ष्यांसह अन्य वन्यजीवांपासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर अंतर राखावे लागते. याहून महत्त्वाचा नियम पुढचा आहे. ज्या अंतरावरून प्राणी विचलित होतो किंवा जागा सोडतो, त्या कोणत्याही अंतरावर मुद्दाम जाणे किंवा थांबणे निषिद्ध आहे. म्हणजे मोजपट्टी शेवटी प्राण्याच्या वागण्यातच असते. बदकाने खाणे थांबवून मान ताठ केली, तर अंतर कमी झाले असे समजावे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडविण्यासही बंदी आहे.

अनुभवी छायाचित्रकार यावर एक साधा तोडगा सांगतात. पक्ष्याकडे आपण जाऊ नये, पक्ष्याला आपल्याकडे येऊ द्यावे. खळाळावर हे अन्य ठिकाणांहून सोपे जाते, कारण या बदकाच्या हालचालींना नदीनेच एक वळण लावून दिलेले असते. खाताना ते बहुधा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, काठाकाठाने हळूहळू वर सरकते. खाणे झाले, की विश्रांतीसाठी ठरावीक खडकांवर चढते. असे खडक दुर्बिणीतून, दुरून हेरून ठेवता येतात. खडकांवरील पांढरी विष्ठा हीदेखील एक खूण असते. पक्षी जवळपास नसताना, परवानगी असलेल्या जागी, झाडाच्या किंवा दगडाच्या आडोशाला बसून घ्यावे आणि मग उठू नये. पाण्याच्या गर्जनेत पावलांचा आवाज बदकापर्यंत फारसा पोहोचत नाही. पण उभ्या माणसाची आकृती आणि तिची हालचाल मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे गप्प राहण्यापेक्षा निश्चल राहणे अधिक उपयोगी पडते.

फेसाळ पाणी आणि कॅमेरा

प्रकाशाच्या दृष्टीने हा विषय अवघड आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. चौकटीत पांढरा फेस जास्त असेल, तर तो चित्र गडद करतो आणि निळसर-करडे बदक काळा गोळा होऊन बसते. उलट चौकटीत गडद पाणी जास्त असेल, तर तो चित्र उजळ करतो आणि नराच्या चेहऱ्यावरील पांढरी कोर तपशील हरवून बसते. म्हणून पहिल्या प्रसंगी प्रकाश थोडा वाढवावा, दुसऱ्या प्रसंगी थोडा कमी करावा आणि दोन्ही वेळा 'हिस्टोग्राम' तपासावा. 'रॉ' स्वरूपात चित्रण केल्यास नंतर दुरुस्तीस वाव राहतो.

कडक ऊन येथे उपयोगाचे नाही. आकाश ढगाळ असताना किंवा सकाळी नदीवर डोंगराची सावली असताना फेस आणि पिसे या दोहोंचे बारकावे टिकतात. पाण्यावरील चकाकी कमी करण्यासाठी 'पोलरायझर' लावता येतो. मात्र तो सुमारे दीड ते दोन 'स्टॉप' प्रकाश खातो, हे ध्यानात ठेवावे.

वेगाच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. बुडीतून वर येणारे किंवा पंख फडफडविणारे बदक गोठवायचे, तर 'शटर' सेकंदाच्या हजाराव्या ते दोन हजाराव्या भागाइतका वेगवान हवा. दुसऱ्या मार्गात तिवईवर कॅमेरा ठेवून सेकंदाचा आठवा किंवा चौथा भाग एवढा वेळ द्यायचा. खडकावर विसावलेले बदक स्थिर राहिले, तर त्याच्याभोवतीचे पाणी रेशमासारखे वाहताना दिसते. बदकाची मान या काळात किंचितही हलता कामा नये, म्हणून अशी पुष्कळ चित्रे घ्यावी लागतात आणि त्यांतील एखादेच साधते.

'ऑटोफोकस' पक्ष्याऐवजी उसळत्या फेसावर स्थिरावतो, ही येथील नेहमीची तक्रार. पक्ष्याचा डोळा ओळखणाऱ्या आजच्या 'मिररलेस' कॅमेऱ्यांनी हे काम बरेच सोपे केले आहे. तरीही बदक पाण्याखाली असताना ते कोठे वर येईल, हे कॅमेरा सांगू शकत नाही. त्यासाठी आधी काही बुड्या नुसत्या पाहाव्यात, त्यांचा काळ मनात मोजावा आणि दिशा लक्षात घ्यावी. लांब पल्ल्याची, ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर अंतर राखूनही चित्र साधते. नसेल, तर पक्षी चौकटीत लहान ठेवून नदीला मोठे होऊ द्यावे. खळाळात वाहणारा एवढासा ठिपका पाहणाऱ्याला बरेच काही सांगून जातो. पक्ष्याचा नुसता चेहरा दाखविणारे चित्र कोणत्याही तळ्यावरचे वाटू शकते.

अन्य खळाळांवर

खवळलेल्या नद्यांशी असे नाते जोडणारी बदके जगात मोजकीच आहेत. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या नद्यांवर 'टॉरेंट डक' आढळते. माचू पिचूला जाणारी रेल्वे उरुबांबा नदीच्या काठाने धावते, तेव्हा खिडकीतूनही ते दिसू शकते. न्यूझीलंडमधील निळ्या बदकाला माओरी लोक त्याच्या शिळेवरून 'फीओ' म्हणतात. तेथील दहा डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे, पण माणसांनी आणलेल्या स्टोट या मुंगसासारख्या शिकारी प्राण्याने त्याची संख्या फार घटविली आहे. या बदकांच्या जाती वेगळ्या, खंडही वेगळे. मात्र नदीचा एक तुकडा धरून राहण्याची सवय सारखी आणि त्यातून येणारी अगतिकताही सारखीच.

आपल्याकडील धडा

सह्याद्रीतील नद्या पावसाळ्यात खवळतात आणि उन्हाळ्यात आटतात. त्यांच्यावर असे खळाळवासी बदक नाही. परंतु २००३ च्या सुमारास डिजिटल 'एसएलआर' कॅमेरे हौशी मंडळींच्या आवाक्यात येऊ लागले, तेव्हापासून महाराष्ट्रातही पक्षी-छायाचित्रण झपाट्याने वाढले आहे. उजनी जलाशयावरील भिगवण येथे हिवाळ्यात रोहित आणि चक्रवाक पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून गर्दी लोटते. उडत्या थव्याचे चित्र मिळावे, म्हणून होडी थव्यात घालण्याचा आग्रह नावाड्याला होऊ लागला, तर तेथेही प्रश्न तोच उभा राहतो. फरक इतकाच, की उजनीचे पाणी विस्तीर्ण आहे आणि थव्याला बाजूला सरकण्यास जागा आहे. मराठी छायाचित्रकार आता हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांवरही मोठ्या संख्येने जातात. थंडीत तेथील वेगवान पाण्यात मासे पकडणारे गूजँडर बदक त्यांना भेटते. तेथे तोच संयम उपयोगी पडेल.

पक्ष्याच्या डोळ्यात छायाचित्रकाराची धास्ती उमटलेली असेल, तर ते चित्र तांत्रिकदृष्ट्या कितीही निर्दोष असले तरी पक्ष्याच्या जीवनाविषयी खरे सांगत नाही. मान ताठ केलेले, पळण्याच्या बेतातील बदक आणि आपल्या नादात बुड्या मारणारे बदक यांतील फरक जाणकाराला एका दृष्टिक्षेपात कळतो. ले हार्डीची पायवाट बंद असते, तेव्हा नदीवर सर्वांत सुंदर दृश्ये घडत असतात आणि ती टिपायला तेथे कोणी नसते. त्या टिपल्या न गेलेल्या आठवड्यांमुळेच जुलैमध्ये एखाद्या मादीमागे चार-पाच पिल्लांची रांग खळाळ उतरताना दिसू शकते. ते छायाचित्र नराच्या रंगीत चित्राइतके झगमगीत नसेल. पण पुढच्या वसंतात नदीवर कोणी परतणार की नाही, याचे उत्तर त्याच चित्रात असते.